एकाच कादंबरीकाराचं अभ्यासमंडळ काढायचंय, पण करायचं काय?

वाचनवेडी_इंदूर

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही इंदुरात काही जण रविवारी सकाळी एकमेकांच्या घरी जमतो. आधी हाताला लागेल ते वाचायचो, हल्ली फक्त भालचंद्र नेमाडे चालू आहेत. बँकेतून रिटायर झालेले एक काका, कापडाचं दुकान सांभाळणारा एक जण, बी.एड. करणाऱ्या दोघी मुली, आणि मी, शाळेत हिंदी शिकवते. आता टूम निघालीय की रीतसर मंडळच काढू या, एकाच लेखकाला वाहिलेलं.

काढू या म्हटल्याबरोबर काकांनी लेटरहेडचा नमुना छापून आणला. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव. पहिल्या कार्यक्रमाची रूपरेषाही तयार: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, आभार, पोहे-जिलबी. कादंबरीचं नाव कुठंच नाही! जिलबी मात्र कुठल्या दुकानातून आणायची ते ठरलंय.

तसं इंदूरला मराठी संस्थांची कमी नाही. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, सानंद आहे. अखिल भारतीय संमेलनंही इथं झालीत, १९१७, १९३५ आणि २००१ साली. कार्यक्रम कसा करावा हे आम्हाला कुणी शिकवायला नको. एकच लेखक धरून वर्षानुवर्षं काम कसं करावं, तिथं घोडं अडतंय. परदेशात अशा सोसायट्या असतात म्हणे. त्या करतात तरी काय? लेखक हयात असताना असं मंडळ काढणं बरं दिसतं का? आणि आमच्यात प्राध्यापक कुणीच नाही, ते चालतं का?

लष्करवाला_ग्वाल्हेर

नोंदणीची घाई करू नका, एवढंच सांगतो. आपल्याकडे मध्य प्रदेशचा १९७३ चा सोसायटी कायदा लागतो. सात सभासद असले की नोंदणी होऊन जाते, त्यात काही विशेष नाही. पुढं दरवर्षी धारा २७ ची कार्यकारिणीची यादी आणि धारा २८ चं ऑडिट. आमच्या गल्लीतलं एक भजनी मंडळ त्यातच आटोपलं. भजन राहिलं बाजूला, सगळे सीएकडे.

कमाटीबाग_बडोदा

इंदूरवाल्या ताई, काकांचं लेटरहेड जपून ठेवा. मागच्या कोऱ्या बाजूवर टिपणं काढता येतील.

मी इथं बडोद्याला कॉलेजात अमेरिकन साहित्य शिकवायचे, त्यामुळं या सोसायट्यांचं काम लांबून पाहत आलेय. तिकडं अमेरिकन लिटरेचर असोसिएशन म्हणून १९८९ पासूनची संस्था आहे. ती म्हणजे मुळात लेखकवार सोसायट्यांचीच मोट. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस परिषद भरते आणि सोसायट्यांना आपापली सत्रं मिळतात. विषय सोसायटीनं ठरवायचा, निबंध मागवायचे, निवडायचे. म्हणजे बाकी काही झालं नाही तरी वर्षातून एकदा कुणीतरी काहीतरी नवं लिहून आणतंच. निवडणूक, जमाखर्च वगैरे तिथंच उरकून घेतात. त्यासाठी वेगळा हॉल लागत नाही, हार लागत नाही.

टोनी मॉरिसन या अमेरिकन कादंबरीकार बाईंच्या नावाची सोसायटी १९९३ साली याच परिषदेत, बाल्टिमोरला स्थापन झाली. नोबेल त्याच वर्षी, पण नंतर, ऑक्टोबरात मिळालं. तेव्हा बक्षिसाच्या मागं धावत निघालेली ही मंडळी नव्हती. लेखनसूची, वार्तापत्र, परिषदा हे सगळं त्यांनी केलंच. मला मात्र सगळ्यात भावलं ते बाकड्याचं काम. १९८९ साली एका मुलाखतीत मॉरिसनबाई बोलून गेल्या होत्या की गुलामगिरीत मेलेल्यांची आठवण काढत बसावं अशी एक जागा नाही, रस्त्याकडेला साधं बाकडंसुद्धा नाही. सोसायटीनं ते बोलणं उचललं. २००६ साली उपक्रम जाहीर केला आणि २००८ च्या जुलैमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या सलिव्हन्स बेटावर पहिलं बाकडं बसवलं. जागा विचार करून निवडलेली. चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांना आधी विलग ठेवत. पाण्याकडं तोंड केलेलं काळं पोलादी बाकडं आहे, बस्स. बाई स्वतः आल्या आणि त्यावर बसल्या. पुढं ओबर्लिनला, पॅरिसलाही अशी बाकडी बसली. आपल्याकडं असतं तर अर्धपुतळा झाला असता आणि खाली देणगीदारांची यादी. त्यांनी लेखिकेचं स्मारक केलं नाही, तिच्या विषयाचं केलं. मॉरिसन २०१९ मध्ये गेल्या, काम चालूच आहे.

लेखक हयात असण्याचं म्हणाल, तर कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन कादंबरीकाराची सोसायटीही १९९३ चीच. हा माणूस मुलाखतींच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. त्यांचं काही अडलं नाही. उलट मला वाटतं लेखक लांब असलेलाच बरा. समोर बसला की सगळे गोड बोलायला लागतात.

आणि प्राध्यापक नसण्याचं काही मनावर घेऊ नका. त्याच मॅकार्थीच्या 'ब्लड मेरिडियन' या १९८५ च्या कादंबरीवर जॉन सेपिच या, विद्यापीठात न शिकवणाऱ्या अभ्यासकानं टिपा लिहिल्या. कुठला प्रसंग कुणाच्या आठवणींतून आला, कुठलं पात्र इतिहासात खरोखर होऊन गेलं, याचा त्यानं एकेक कागद हुडकला. १९९३ साली त्याचं पुस्तक आलं आणि आजही त्या कादंबरीवर लिहिणाऱ्याला ते उघडावंच लागतं. तुमच्या बँकवाल्या काकांना हेच काम द्या. जन्मभर खतावण्या जुळवलेला माणूस आहे, सूची करावी तर त्यानंच.

फिलिप रॉथ सोसायटी २००२ ची, तिचं नियतकालिक २००५ पासून वर्षातून दोनदा निघतं. पण नियतकालिकाच्या फंदात इतक्यात पडू नका.

पेठेतला_वाचक

एक शंका. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' असा लेख ज्या नेमाड्यांनी लिहिला, त्यांच्याच नावानं शाल-श्रीफळ? नारळ तरी वाचवा.

वाचनवेडी_इंदूर

पेठेतले दादा, हे काकांना वाचून दाखवलं. आधी फुगले, मग म्हणाले, "शाल कॅन्सल, जिलबी राहू दे."

कमाटीबागताई, सूचीचं त्यांना पटलंय. पण सूची कशाची करू? नेमाड्यांवर मराठीत आजवर काय काय छापून आलं ते गोळा करायला पुण्या-मुंबईची ग्रंथालयं धुंडाळावी लागतील, ते इथून कसं जमणार?

कमाटीबाग_बडोदा

ते करूच नका. पुण्यात बसून जे होतं ते पुणेकरांना करू दे. तुम्ही इंदूरला आहात, तुमच्या हाताशी हिंदी आहे. हिंदीत नेमाडे कुणी कुणी आणले, कुठल्या मासिकांत त्यांच्यावर परीक्षणं आली, हिंदी विभागांत कुणी प्रबंध केले, हे मराठीतले अभ्यासक सहसा बघत नाहीत. तुम्ही शिकवताच हिंदी.

आणि त्या दोघी मुलींना 'कोसला' द्या. १९६३ ची पहिली आवृत्ती मिळाली तर उत्तमच, नाहीतर जी घरात असेल ती. एकीनं नायक पांडुरंग सांगवीकर कुठल्या कुठल्या गावाला जातो ते पृष्ठांकासकट उतरवायचं, दुसरीनं खानदेशी शब्द. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग घाईनं करू नका म्हणावं, एक अख्खा रविवार त्याला द्या.

कापडवाल्या गृहस्थांना काय देणार आहात?

वाचनवेडी_इंदूर

त्याला जमाखर्च. वर्गणीचा विषय निघाला की तो आपोआप पुढं होतो. पुढच्या रविवारी काकांकडे बसतोय. त्यांनी लेटरहेडच्या मागं रकाने आखायला घेतलेत: लेखाचं नाव, मासिक, महिना, वर्ष, पान. सूचीला अजून एखादा रकाना लागतो का, तेवढं सांगाल?

कमाटीबाग_बडोदा

"स्वतः पाहिलं / ऐकीव". हा रकाना सगळ्यात आधी आखा.