सुवाहक की सुचालक?

प्रश्न: इंदूरचा भाचा सुट्टीत आलाय. त्याच्या वहीत 'ग्रेफाइट विद्युत का सुचालक है' असं लिहिलंय. आपण 'सुवाहक' म्हणतो. चालक म्हणजे एसटीचा ड्रायव्हर ना? शिवाय सहसंयुज बंध असलेली कार्बनी संयुगे विजेची दुर्वाहक असतात असं शिकलेय, मग ग्रॅफाइट त्यातून कसं सुटलं?

उत्तर: हिंदीत सुचालक-कुचालक रूढ आहे, मराठीत सुवाहक-दुर्वाहक. मला आपला शब्द सरस वाटतो. तार वीज चालवत नाही, वाहू देते. (एसटीच्या वाहकाला मात्र फक्त तिकिटं फाडायची असतात.)
पण 'दुर्वाहक' एकटा वापरू नका, कशाचा ते सांगा. हिरा विजेचा दुर्वाहक, पण उष्णता तांब्याच्या चौपट-पाचपट वाहून नेतो.

आणखी एक: सहसंयुजमध्ये 'युज्' धातू आहे, जोडणे या अर्थाचा. बैलांच्या मानेवरचं जू त्याच कुळातलं. दोन अणूंनी एकेक इलेक्ट्रॉन दिला की जोडी जुवाखाली आली. हिऱ्यात प्रत्येक कार्बनचे बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन असे जुंपलेले. ग्रॅफाइटमध्ये तीनच, चौथा मोकळा, थरभर हिंडतो. वीज वाहते ती त्याच्या जिवावर.
स्वतःच करून पाहा: 6बी पेन्सिलीने कागदावर जाड, काळीकुट्ट रेघ गिरवा. 9 व्होल्टची बॅटरी नि एलईडी घेऊन मंडलात तारेच्या एका तुकड्याऐवजी ती रेघ ठेवा.

प्रश्नकर्ती: अहो, पेटला! दोन सेंटिमीटरवर लख्ख, रेघ लांबवली की मिणमिणता. पण मला वाटायचं शिसपेन्सिलीत शिसं असतं, धातू आहे म्हणून वीज जाते.

उत्तर: शिसं कणभरही नाही. ग्रॅफाइट आणि चिकणमाती. युरोपात पूर्वी ग्रॅफाइटला शिशाचाच प्रकार समजत. 1779 मध्ये रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी तो कार्बन असल्याचं दाखवलं, 1789 मध्ये खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांनी ग्रीक 'लिहिणे'वरून नाव दिलं. समजूत गेली, शब्द राहिला.

तिसरा: एक दुरुस्ती. ग्रॅफाइट संयुग नव्हे, कार्बनचं अपरूप, म्हणजे त्याच मूलद्रव्याचं एक वेगळं रूप. संयुगच हवं तर पॉलिअ‍ॅसिटिलीन घ्या, कार्बन-हायड्रोजनची लांबच लांब साखळी. जपानी रसायनशास्त्रज्ञ शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी उत्प्रेरक (क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) हजारपट जास्त घातला आणि चंदेरी पापुद्रा मिळाला. 1977 मध्ये त्याला आयोडीनची वाफ दिली तर प्लास्टिक असून धातूसारखी वीज वाहू लागली! 2000 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच. तेव्हा 'कार्बनी संयुगे विजेची दुर्वाहक' लिहिताना आधी 'बहुतेक' लिहा.