हौमियाच्या शोधाचे श्रेय कोणाचे?

धागाकर्ता: नेपच्यूनपलीकडचा बटुग्रह हौमिया जुलै २००५ मध्ये जाहीर झाला, पण त्याचा शोधक कोण, हे अधिकृतपणे ठरलेलेच नाही. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने शोधस्थळ म्हणून स्पेनमधील सिएरा नेवाडा वेधशाळेची नोंद केली, नाव मात्र अमेरिकेतील माइक ब्राउन यांच्या चमूने सुचवलेले स्वीकारले आणि शोधकाचा रकाना कोरा ठेवला. माझ्या मते तिथे स्पेनमधील खगोलशास्त्रज्ञ होसे लुइस ऑर्तिस यांच्या चमूचे नाव हवे. मार्च २००३ च्या छायाचित्रांत त्यांना हा गोल आढळला आणि त्यांनी तो रीतसर कळवला. ब्राउन यांच्या चमूला तो डिसेंबर २००४ मध्येच दिसला होता, तरीही त्यांनी सात महिने मौन पाळले.

प्रतिसाद १: ते मौन अभ्यासासाठी होते, हे आपण वगळता. हौमिया चार तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्या वेगाने त्याचा आकार लांबट झाला आहे, पृष्ठभागावर स्फटिकरूप पाण्याचे बर्फ आहे आणि त्याला उपग्रह आहेत; असा चमत्कारिक गोल पुरता न तपासता जाहीर करणे मला उतावीळपणाचे वाटले असते. शिवाय २० जुलैला ब्राउन यांच्या चमूने एका परिषदेसाठीचा गोषवारा प्रसिद्ध केला होता. त्यातील सांकेतिक क्रमांकावरून त्या चमूने वापरलेल्या चिलीतील दुर्बिणीच्या निरीक्षणनोंदी महाजालावर सापडत होत्या, आणि ऑर्तिस यांनी शोध कळवण्याआधी त्या नोंदी त्यांच्याच संस्थेतील संगणकावरून उघडल्या गेल्या.

धागाकर्ता: नोंदी कोणालाही उघडता येण्याजोग्या होत्या, आणि आपल्याला दिसलेला गोल तोच आहे का, हे पडताळण्यासाठी त्या पाहिल्याचे ऑर्तिस यांनी सांगितले आहे. छायाचित्रे त्यांची स्वतःचीच होती. जानेवारी २०१७ मध्ये हौमिया एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा त्याच्याभोवतीचे कडे शोधणाऱ्या पथकाचे नेतृत्वही ऑर्तिस यांनीच केले. नेपच्यूनपलीकडच्या गोलाभोवती सापडलेले ते पहिले कडे. अशा निरीक्षकावर चोरीचा संशय घेणे मला पटत नाही.

प्रतिसाद १: कड्याच्या शोधाबद्दल मला नितांत आदर आहे, पण २०१७ चे यश २००५ च्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. चोरीचा आरोप मीही करत नाही. माझा आक्षेप एवढाच, की दुसऱ्या चमूच्या नोंदी पाहिल्याचे त्यांनी शोध कळवतानाच लिहायला हवे होते. तसे लिहिले असते, तर त्या रकान्यात त्यांचे नाव घालायला मी स्वतः पाठिंबा दिला असता.