मदत हवी आहे: खुल्या कार्यक्रम-मैदानावरून वस्तीत दोन तट पडलेत, पुढची बैठक कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीला लागून एक मोठी मोकळी जागा आहे. तिथे खुला रंगमंच, पायऱ्यांची बैठक आणि वाहनतळ बांधायचा प्रस्ताव आलाय. गाण्याचे कार्यक्रम, नाटकं, प्रदर्शनं, मेळावे असं सगळं तिथे व्हावं अशी कल्पना आहे. प्रस्ताव आल्यापासून वस्तीत सरळ दोन तट पडलेत. वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी जाणारी माणसं आता जिन्यात नजर चुकवतात, याचा मला खरोखर त्रास होतो.

बाजूने असलेल्यांचं म्हणणं खोटं नाही. इथल्या मुलांना, हौशी कलाकारांना हक्काचा मंच नाही. संध्याकाळी सात-आठनंतर परिसर सुनसान होतो. कार्यक्रम झाले तर छोट्या विक्रेत्यांना काम मिळेल. विरोधात असलेल्यांचंही खोटं नाही. ज्यांच्या झोपायच्या खोल्या मैदानाकडे उघडतात, ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, जे रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न करमणुकीचा नाही. शिवाय रोज सकाळी तिथे फिरणारे, मुलांना खेळायला नेणारे लोक आहेत. त्यांची मोकळी जागा जाणार.

पहिली बैठक वाईट झाली. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी रंगीत चित्रं दाखवली, मग ज्यांचा आवाज मोठा तेच बोलत राहिले. ग्रुपवर आता एका बाजूला ‘विकासाचे शत्रू’ आणि दुसऱ्या बाजूला ‘विकले गेलेले’ असे शब्द चालू आहेत. दोन्ही गटांनी सह्यांची निवेदनं दिली. विशेष म्हणजे काही नावं दोन्हींवर आहेत. अनेकांनी त्यांची टिंगल केली. मला मात्र हीच माणसं सगळ्यात प्रामाणिक वाटतात, कारण त्यांना मैदान हवंय, पण अटींसकट.

पुढची बैठक मी चालवावी असं दोन्ही गटांनी सांगितलंय. माझं घर मैदानापासून बऱ्यापैकी लांब आहे, हे मी दोघांनाही आधीच स्पष्ट केलंय. माझ्या अडचणी अशा: आरडाओरडा न होता बोलणं कसं घडवायचं? ‘झाडं लावू, आवाज अडेल’, ‘मर्यादा पाळू’ या आश्वासनांत तथ्य किती हे सामान्य माणसाने कसं तपासायचं? आणि काही ठरलंच, तर ते पाळलं जाईल याची हमी कोण घेणार? ज्यांनी असं काही जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

मी ध्वनिव्यवस्थेच्या कामात आहे, म्हणून फक्त आवाजाबद्दल लिहितो.

झाडांचं आधी. एक-दोन ओळी झाडांनी आवाज जवळजवळ अडत नाही. दाट झाडीचा कित्येक मीटर रुंद पट्टा असेल तेव्हा कुठे थोडे डेसिबल कमी होतात. झाडं लावायला हरकत नाही, पण ध्वनिरोधक म्हणून ती कोणी पुढे करत असेल तर ते मान्य करू नका. मातीचा उंच बांध किंवा भरीव भिंत खरी उपयोगी. तीसुद्धा स्पीकर आणि खिडकी यांच्यामधली थेट रेषा तोडत असेल तरच.

आता अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मंचापासून २५ मीटरवर ९५ डेसिबल असेल तर ५० मीटरवर ८९, १०० वर ८३, २०० वर ७७, ४०० वर ७१. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शांत झोपेसाठी रात्री खोलीत ३० आणि उघड्या खिडकीबाहेर ४५ डेसिबल हे आकडे आहेत. म्हणजे नुसत्या अंतराच्या भरवशावर हे जमत नाही हे गणितच सांगतं. मंचाची दिशा, स्पीकरची रचना, बांध, आवाजाची पातळी आणि संपायची वेळ, हे सगळं मिळून जमवावं लागतं. मंचाची पाठ घरांकडे असणं ही सगळ्यात स्वस्त उपाययोजना, आणि ती फक्त नकाशा कागदावर असेपर्यंतच करता येते. म्हणून बांधकामाआधी भांडताय हे चांगलंच आहे.

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे ‘बास’, म्हणजे संगीतातला खालच्या पट्टीचा जड आवाज. तक्रारी बहुतेक करून गाण्याच्या नसतात, धडधडीच्या असतात. खालच्या पट्टीचा आवाज भिंतीला वळसा घालतो, बंद खिडकीतून आत येतो आणि लांबवर पोचतो. आवाज मोजायचं नेहमीचं ‘ए’ परिमाण या खालच्या पट्टीला फार कमी वजन देतं. त्यामुळे मीटरवर आकडा मर्यादेत दिसतो आणि घरात मात्र छातीत धडधडतं. तुमच्या करारात ६३ आणि १२५ हर्ट्झच्या, म्हणजे याच खालच्या आवाजाच्या, पट्ट्यांसाठी वेगळी मर्यादा मागा. ब्रिटनमध्ये १९९५ साली खुल्या संगीत कार्यक्रमांसाठी जी आचारसंहिता आली, तिच्यात या दोन पट्ट्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याच संहितेतली दुसरी गोष्टही कामाची आहे. वर्षातून एक ते तीनच दिवस कार्यक्रम असतील तर मर्यादा सैल, चार ते बारा दिवस असतील तर संगीताचा आवाज परिसरातल्या एरवीच्या आवाजापेक्षा १५ डेसिबलहून जास्त वर जायला नको. लोक वर्षातून दोनदा जे सहन करतात ते दर शनिवारी करणार नाहीत. तुमच्या प्रस्तावात वर्षाला किती दिवस हे लिहिलंय का? नसेल तर पहिला प्रश्न तोच.

बैठकीआधी एक चाचणी मागा. मंच जिथे येणार तिथे भाड्याचे स्पीकर ठेवून ठरलेल्या पातळीवर आवाज सोडायचा, आणि दोन्ही गटांतल्या लोकांनी सगळ्यात जवळच्या घरांत, खिडक्या उघड्या आणि बंद ठेवून ऐकायचं. ही चाचणी रात्रीच घ्या. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. मग आवाज वर निघून जाण्याऐवजी वाकून खाली येतो. दुपारच्या चाचणीत हे कळत नाही.

प्रतिसाद २

वस्तीतले, संस्थांमधले वाद मिटवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे.

ताई, दोन्ही निवेदनांवर सह्या करणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत, तिथेच वाट आहे. ‘हवं’ आणि ‘नको’ या भूमिका झाल्या. त्यामागची गरज वेगळी असते आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त वाटांनी भागते. अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ च्या सुमारास दिलेला दाखला मी बैठकीत अजून सांगते. ग्रंथालयाच्या एका छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्या माणसाला ती विशिष्ट खिडकी नको होती, मोकळी हवा हवी होती. फॉलेट यांना हवेचं वावडं नव्हतं, उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. कोणीच अर्धी खिडकी पत्करली नाही, हे लक्षात घ्या. अर्धवट तडजोडीत दोघंही मनातून नाराज राहतात.

म्हणून मोठी बैठक लगेच घेऊ नका. आधी सात-आठ जणांचे मिश्र गट करा, वेगवेगळ्या मताचे लोक एकाच गटात. प्रश्न एकच ठेवा: ‘हे मैदान झालं तर तुमच्या दिवसात नेमकं काय बदलेल?’ मत विचारायचं नाही, दिवस विचारायचा. उत्तरं येतील ती अशी: ‘आईला नऊला झोपेची गोळी देतो’, ‘माझ्या मुलीला नाचायला जागा नाही’. ती ऐकल्यावर माणसं एकमेकांना शत्रू म्हणणं आपोआप कमी करतात. उत्तरं भिंतीवर चिकटवा, नाव न लिहिता. मोठ्या बैठकीत चर्चा त्या कागदांवर होऊ दे, माणसांवर नको.

आणखी एक गोष्ट आधी स्वच्छ करून घ्या. निर्णय कोणाच्या हातात आहे? लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढणं या मधल्या पायऱ्या त्यांनी नावापुरत्या सहभागात धरल्या, कारण ऐकून घेणाऱ्यावर ऐकण्याचं काहीच बंधन नसतं. तुमची पहिली बैठक तिथेच होती. प्रस्ताव मांडणाऱ्यांना लेखी विचारा: कोणत्या गोष्टी ठरून गेल्यात आणि कोणत्या अजून बदलू शकतात? जागा ठरलेली असेल आणि फक्त वेळ, दिवस, दिशा बदलता येत असेल, तर तसं लोकांना पहिल्याच मिनिटाला सांगा. जे बदलणारच नाही त्यावर लोकांना दोन तास बोलू दिलंत तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही.

प्रतिसाद ३

आम्ही अशाच एका मैदानाजवळ राहतो. कार्यक्रमापेक्षा त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त छळतं, हे कोणी सांगत नाही. दुपारभर ‘चेक, चेक’ आणि ढोलाचा एकच ठोका. कार्यक्रम दहाला संपतो, पण लोखंडी सांगाडे उतरवणं, ट्रकचा मागे जातानाचा पिपाणीसारखा आवाज आणि जनरेटर मध्यरात्रीनंतरही चालू. करारात ‘कार्यक्रमाची वेळ’ लिहिली होती, ‘कामाची वेळ’ नव्हती. आता नियम असा आहे की सांगाडे सकाळीच उतरवायचे. बराच फरक पडला. तसंच कार्यक्रम चालू असताना उचलला जाणारा एक फोन नंबर मागून घ्या. दुसऱ्या दिवशी कार्यालयात केलेल्या तक्रारीने त्या रात्रीची झोप परत मिळत नाही.

प्रतिसाद ४

एवढं कशाला? मतदान घ्या, बहुमत जिकडे तिकडे निर्णय. लोकशाही आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४, मतदानाचा विचार मीही केला होता. पण लाभ सगळ्या वस्तीत थोडा थोडा वाटला जाणार आहे आणि त्रास मात्र मैदानाला लागून असलेल्या दोन-तीन इमारतींवर पडणार आहे. तिथे राहणारे मोजणीत कधीच जिंकणार नाहीत. आणि मतात हरल्यामुळे त्यांचा झोपेचा प्रश्न काही सुटणार नाही. मतदान घ्यायचंच तर अटी ठरल्यावर, आणि जवळच्या घरांची संमती वेगळी मोजून.

प्रतिसाद १, वर्षाला किती दिवस ते प्रस्तावात खरंच नाही. विचारलं तर ‘मागणीनुसार’ असं उत्तर आलं. आता आकडा लेखी मागितलाय. रात्रीच्या चाचणीला दोन्ही गट तयार आहेत. या वादात दोघं एकत्र ‘हो’ म्हणाले ते पहिल्यांदाच.

अंमलबजावणीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

प्रतिसाद १

त्यावर दोन खरे दाखले देतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या खुल्या मंचावरून असाच वाद होता. एका बाजूला संगीत, दुसऱ्या बाजूला शेजारच्या इमारती आणि शांततेसाठी राखलेली हिरवळ. शहराने डेसिबलचा एकच ठरीव आकडा लावायचा विचार सोडून दिला, कारण हवेचं तापमान, झाडांची पालवी आणि गर्दी यांनुसार त्याच आकड्याचा परिणाम बदलतो. त्याऐवजी ध्वनियंत्रणा आणि तंत्रज्ञ शहराचाच, असा नियम केला. आयोजक न्यायालयात गेले आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम ६ विरुद्ध ३ मतांनी ग्राह्य धरला. तुमच्यासाठी यातला मुद्दा एवढाच की आवाजाचं बटण दर वेळी येणाऱ्या नव्या आयोजकाच्या हातात नको. मैदानाची स्वतःची कायमची यंत्रणा, तिच्यावर कुलूपबंद लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारं उपकरण), आणि मोजणी घरांच्या बाजूने.

दुसरा दाखला लंडनच्या हाइड पार्कमधला. २०१२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी हे गायक मंचावर एकत्र असताना ठरलेली वेळ उलटली, म्हणून माइक बंद केले गेले. तेव्हा पुष्कळ टीका झाली. शेजारी राहणाऱ्यांच्या दृष्टीने मला ते योग्य वाटतं. नामवंतांसाठी एकदा वेळ वाढवली की पुढचा प्रत्येक आयोजक तेच मागतो.

प्रतिसाद २

यात भर घालते. करारात शिक्षा चढत्या क्रमाने ठेवा. पहिल्या उल्लंघनाला लेखी समज, दुसऱ्याला अनामत रकमेतून कपात, तिसऱ्याला त्या आयोजकाला बंदी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामायिक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात या अभ्यासासाठी. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना अशा चढत्या शिक्षा दिसल्या आणि देखरेख करणारे वापरणाऱ्यांपैकीच किंवा त्यांना उत्तरदायी असलेले दिसले. तुमच्या देखरेख समितीत सगळ्यात जवळच्या इमारतीतला विरोधक आणि मंच हवा असलेला कलाकार, दोघंही घ्या. पहिली परवानगी एका वर्षापुरती ठेवा. वर्षाअखेरीस तक्रारींची वही आणि मोजणीचे आकडे समोर ठेवून पुन्हा ठरवायचं, असं आधीच लिहून घ्या. विरोध करणाऱ्यांना ‘एकदा हो म्हटलं की संपलं’ ही भीती असते, ती याने बरीच उतरते.

धागाकर्ती

हे सगळं छापून दोन्ही गटांना देतेय. क्रम असा धरलाय: आधी मिश्र गटांच्या छोट्या बैठका, मग रात्रीची चाचणी, मग मसुदा, आणि मोठी बैठक शेवटी. मैदानाला लागून असलेल्या इमारतींत मी स्वतः घरोघरी जाणार आहे, कारण अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरचे लोक बैठकीला येऊ शकत नाहीत आणि त्यांचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून यायला नको.

सकाळी फिरणाऱ्यांचा आणि मुलांच्या खेळाचा प्रश्न मात्र यात कुठेच बसला नाही. कार्यक्रम नसलेल्या दिवशी जागा सगळ्यांना खुली राहावी आणि कुंपणाला कुलूप लागू नये, अशी अट कोणी लेखी करून घेतली असेल तर तिचा मजकूर इथे टाकाल का? नेमकी शब्दरचना मिळाली तर मसुद्यात तशीच घेता येईल.