शहर आडवं पसरू द्यायचं नसेल, तर एकावर एक रचलेली तयार घरं हा मार्ग आहे का?

पागोळी (धागाकर्ती)

शहर कसं वाढतं ते एकदा त्याच्या कडेला उभं राहून बघावं. आधी रस्ता येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडतात, मग सुटी सुटी घरं उठतात. पाणी, ड्रेनेज, शाळा, बस हे सगळं मागाहून कसंबसं पोचतं. घरं जितकी विरळ, तितका एकेका घरामागे पाइप, तार आणि डांबर जास्त. त्यात चांगली कसदार जमीन कायमची जाते.

तरी माणसं तिकडे जातात. स्वस्त पडतं म्हणून जातात, हे खरं, पण तेवढंच नाही. स्वतःचं दार, डोक्यावर थोडं स्वतःचं आकाश, चार कुंड्यांपुरती जागा, हे त्यांना हवं असतं. नेहमीची उंच इमारत छप्पर देते, यातलं फारसं काही देत नाही.

म्हणून मला कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं हॅबिटाट ६७ हे गृहसंकुल पुन्हा पुन्हा आठवतं. वास्तुविशारद मोशे सफदी यांनी विद्यार्थी असताना प्रबंधासाठी मांडलेली कल्पना १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात प्रत्यक्ष उभी राहिली, तेव्हा ते तिशीच्याही आत होते. काँक्रीटचे ३५४ खोके जागेवरच घातलेल्या कारखान्यात ओतले आणि क्रेनने रचून त्यांतून १५८ घरं केली. रचना अशी पायऱ्यापायऱ्यांची की खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. प्रत्येकाला गच्ची, तीही उघड्या आभाळाखालची. सुट्या बंगल्याचं सुख आणि दाट वस्तीची काटकसर दोन्ही एका जागी.

माझं म्हणणं सरळ आहे. माणूस ज्यासाठी कडेला जातो ते त्याला शहराच्या आत मिळालं, तर तो कडेला जाणार नाही. आणि आज ते करायला १९६७ पेक्षा चांगली साधनं हाताशी आहेत. मतं हवीत, विरोधी असली तरी.

ओळंबा

मी वीस वर्षं प्रीकास्टच्या, म्हणजे कारखान्यात आधीच ओतलेल्या काँक्रीटच्या भागांच्या, उभारणीत काढली आहेत. चित्र सुंदर आहे, नाकारत नाही. पण खोका क्रेनला लागल्यावर काय होतं ते सांगतो.

खोका वर जातो तेव्हा वारा त्याला पतंगासारखा फिरवतो. दोन बाजूंनी दोर धरून चार माणसं त्याला सरळ ठेवतात. खाली टेकताना कोपऱ्यात पोलादी शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, सरकवायच्या, लेव्हल बघायची, पुन्हा उचलायचा, एक शिम काढायची, पुन्हा टेकवायचा. एका मजल्यावर तीन मिलिमीटरचा फरक कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. तोच फरक एका बाजूने साठत गेला की दहाव्या मजल्यावर नळाचं तोंड वरच्या पाइपासमोर येत नाही. कारखान्यात टाइल लावून, रंग देऊन आलेली भिंत मग जागेवर फोडावी लागते. असं फोडताना मी स्वतः उभा राहिलेलो आहे, आणि त्या दिवशी कारखान्यात वाचवलेला सगळा वेळ तिथेच गेला.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला ३२ मजल्यांचा मॉड्यूलर, म्हणजे कारखान्यात तयार केलेले खोके रचून केलेला, टॉवर २०१२ च्या अखेरीस सुरू झाला, दोन वर्षांच्या आत संपवायचा होता, पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं. अडचणी याच, सांधे न जुळणं आणि पाणी शिरणं.

आणि सांधा म्हणजे फक्त गळती नव्हे. १९६८ साली लंडनमध्ये रोनन पॉइंट या २२ मजल्यांच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट मोठा नव्हता, पण भिंतीची पॅनेलं एकमेकांना नीट बांधलेली नव्हती, बहुतांशी वजनावर टेकलेली होती. एक भिंत बाहेर गेली आणि इमारतीचा अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसं गेली. माणसं राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तेव्हा रचलेल्या घरांबद्दल बोलताना आधी सांध्यांबद्दल बोला, अंगणाबद्दल नंतर.

माळवद

ओळंबा यांच्याशी सहमत, पण माझा आक्षेप वेगळा आहे. या सगळ्या स्वप्नांमध्ये एक वचन दडलेलं असतं, की भाग जुना झाला की बदलता येईल. टोकियोच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरचं काय झालं बघा. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांची १९७२ ची इमारत. दोन काँक्रीटचे गाभे आणि त्यांना चिकटवलेल्या १४० कॅप्सूल, म्हणजे एकेका खोलीएवढे तयार खोके, प्रत्येक चार बोल्टांवर. साधारण पंचवीस वर्षांनी कॅप्सूल काढून नवी लावायची, असा बेत होता.

पन्नास वर्षांत एकही बदलली गेली नाही. त्या इतक्या खेटून बसवल्या होत्या की मधली काढायची तर वरच्या आधी उतरवाव्या लागणार. प्रत्येकीचा मालक वेगळा. एकाला दुरुस्ती हवी, दुसऱ्याला पाडून पैसे हवेत, तिसरा भाड्याने देऊन मोकळा. २०२२ साली ती पाडली, काही कॅप्सूल तेवढ्या संग्रहालयांसाठी वाचवल्या. बोल्ट सोडवता आला असता, माणसांचं एकमत होईना.

पागोळी

ओळंबा, सांध्याबद्दलचं तुमचं बोलणं मी मान खाली घालून वाचलं. रोनन पॉइंट मला माहीत होतं, तरी धागा लिहिताना ते बाजूला ठेवलं. ती माझी चूक.

पण त्यानंतर ब्रिटनने नियम बदलले, एक भाग गेला तरी बाकीची इमारत उभी राहिली पाहिजे ही अट आली. त्याच लंडनच्या क्रॉयडन भागात २०२० मध्ये ४४ मजल्यांचा मॉड्यूलर टॉवर पूर्ण झाला. सिंगापूरमध्ये २०१९ साली ४० मजल्यांचे दोन टॉवर असेच उभे राहिले. म्हणजे हे जमतं. प्रश्न आहे तो कारखान्याला काम सतत मिळण्याचा. चार महिने ऑर्डर आणि आठ महिने शुकशुकाट असला, तर कुठलाही कारखाना बुडेल. अमेरिकेतली कटेरा ही कारखान्यात घरांचे भाग बनवणारी कंपनी प्रचंड भांडवल उभारूनही २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. सिंगापूरमध्ये टिकतं, कारण तिथे सरकार २०१४ पासून काही जमिनी विकतानाच अट घालतं की बांधकाम याच पद्धतीने करायचं.

माळवद, नाकागिनचा दोष मी कल्पनेला देणार नाही. एकेका कॅप्सूलला वेगळा मालक आणि सगळ्यांना सामायिक गाभा, हा कागदावरचा करार फसला. सुरुवातीपासून बदलीसाठी निधी बाजूला काढला असता, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

उंबरा

ज्या कडेबद्दल तुम्ही सगळे बोलताय, तिथे मी राहते. रोज जाऊन येऊन तीन तास. मुलगा झोपलेला असताना निघते, पुष्कळदा तो झोपल्यावर परत येते. पागोळीताई, मला अंगण हवं होतं म्हणून मी इथे आले नाही. अंगण आहे, त्यात बसायला वेळ नाही. आले ती आत जागा घेणं झेपत नव्हतं म्हणून.

कारखाना भिंती लवकर करील, स्वस्तही करील समजा. जमीन कुठल्या कारखान्यात होते? घराच्या किमतीतला मोठा वाटा जमिनीचा असेल, तर भिंतींवर वाचवलेले पैसे माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच जमीनवाल्याकडे जातात. तुमच्या लाडक्या हॅबिटाटचंच बघा. आधीचा बेत हजाराहून जास्त घरांचा, शाळा आणि दुकानांसकट होता. बांधली १५८. एकेक खोका अतोनात महाग पडला, कारण इतक्या थोड्या घरांवर कारखान्याचा खर्च फिटेना. आता ती घरं श्रीमंतांची आहेत.

चौकट

उंबरा यांना मनापासून +१. आणि त्यांच्याच मुद्द्यावर एक उदाहरण, कारण ते इथे यायलाच हवं.

चिलीतल्या इकीके शहराच्या मध्यावर सुमारे शंभर कुटुंबं तीस वर्षं बेकायदा वस्तीत राहत होती. सरकारी मदत कुटुंबामागे साधारण साडेसात हजार डॉलर, त्यातच जमीन, पाणी-ड्रेनेज आणि घर. आतली जमीन महाग. नेहमीचा उपाय म्हणजे त्यांना उचलून शहराबाहेर टाकायचं. वास्तुविशारद अलेहांद्रो अरावेना यांच्या एलेमेंतल या गटाने २००४ मध्ये त्याच जागी ९३ घरं दिली, पण अर्धी. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, मधल्या भक्कम भिंती हे अवघड भाग आधी बांधले. शेजारी तेवढीच रिकामी जागा सोडली, ती कुटुंबांनी पैसा जमेल तशी स्वतः भरून काढली. काम, शाळा, ओळखीची माणसं, काही सुटलं नाही. आडवा पसरणारा ९३ घरांचा एक तुकडा तिथे वाचला.

ओळंबा

हे उदाहरण मला मान्य, पण हे मॉड्यूलर म्हणू नका. तिथे भिंती जागेवरच बांधल्या, क्रेनने रचलेला खोका नाही. माणसाने हाताने वाढवलेलं घर आहे, आणि म्हणूनच ते चालतं. पुढे मुलगी मोठी झाली, एक खोली हवी झाली, तर गवंडी आणून भिंत घालता येते. खोक्याच्या भिंतीला दार पाडायचं म्हटलं, तर आधी आम्हाला विचारावं लागतं, कारण वरच्या सगळ्यांचा भार तिच्यावर असतो.

पागोळी

नाव काहीही द्या. अवघड भाग तयार मिळावा आणि सोपा भाग माणसाच्या हाती राहावा, ही मला या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. न्हाणीघर आणि जिना कारखान्यातून, खोल्या जागेवर, असं का करू नये? न्हाणीघरं तयार आणून इमारतीत बसवणं तर आजही होतं.

उंबराताई, जमिनीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मी ते आधी लिहायला हवं होतं. इकीकेमध्ये खोका जिंकला नाही, आतली महाग जमीन त्या माणसांसाठी घेतली गेली म्हणून ते झालं. सिंगापूरमध्येही जमीन देणाऱ्यानेच अट घातली. म्हणजे नकाशा काढण्याआधी जमीन कुणाच्या हातात आहे ते विचारावं लागेल.

उंबरा

विचारा. आणि आत जागा मिळालीच, तर मला अर्धं घरही चालेल. उरलेलं आम्ही बांधू. रोजचे ते तीन तास हाताशी आले तर वेळही मिळेल.