शब्दचर्चा : चित्रपटाचा विषय, आशय आणि आशयसूत्र

प्रश्न – धरमपेठ, नागपूर

नमस्कार मंडळी. मी कॉलेजात मराठी शिकवते. बी.ए.च्या मुलांना चित्रपट-आस्वादाचा एक भाग आहे. "कथा, व्यक्तिरेखा आणि दृश्यशैली यांतून चित्रपटाची थीम कशी व्यक्त होते, ते लिहा" असा प्रश्न मला घालायचा आहे. 'थीम'च्या जागी कोणता शब्द ठेवू? 'विषय' लिहिलं की मुलं एका ओळीत मोकळी होतात : "या चित्रपटाचा विषय जातिव्यवस्था हा आहे." 'मध्यवर्ती कल्पना' लिहिलं तर शाळेत कवितेखाली लिहायचे तसं पाठ केलेलं उत्तर येतं. कथाबीज, कथासूत्र, आशय, आशयसूत्र हे शब्दही समीक्षेत भेटतात. यांच्यात नेमका फरक काय?

प्रतिसाद – महाल

ताई, 'विषय' म्हणजे चित्रपट कशाबद्दल आहे, एवढंच. एका विषयावर दहा चित्रपट निघतात आणि दहाही वेगवेगळं बोलतात. विश्लेषणाला तो शब्द पुरत नाही, हे तुमचं खरं आहे.

'कथाबीज' म्हणजे गोष्ट जिथून उगवते ती जागा. नाट्यशास्त्रात बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य अशा पाच अर्थप्रकृती, म्हणजे कथेला शेवटापर्यंत नेणारे घटक, सांगितल्या आहेत, त्यांतलं हे पहिलं. मॅनहोल साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूचा ठपका एका लोकशाहिराच्या गाण्यावर ठेवला जातो, हे 'कोर्ट' या चित्रपटाचं (२०१४) कथाबीज. 'कथानक' म्हणजे प्रसंगांची कार्यकारणाने केलेली गुंफण. जुन्या समीक्षेत याला 'संविधानक' म्हणत, पण रोज संविधान चौकातून कॉलेजात येणाऱ्या मुलांना तो शब्द भलतीकडे नेईल, तेव्हा 'कथानक'च बरं. 'कथासूत्र' म्हणजे गोष्टीचा धागा. हे तिन्ही शब्द चांगले आहेत, पण ते गोष्टीपाशीच थांबतात. कॅमेरा कुठे ठेवला, प्रकाश कुठून आला, दृश्य किती वेळ धरून ठेवलं, यांतलं काही त्यांच्यात मावत नाही.

आता 'आशय'. हा शब्द 'आ' आणि 'शी' यांपासून आला. 'शी' म्हणजे निजणं, वसणं. जलाशय, गर्भाशय, आमाशय या शब्दांत तोच आहे : जिथे काही वसतं, साठून राहतं, ती जागा. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण आशय चित्रपटाला वरून चिकटवता येत नाही, हे त्याच्या घडणीतच आहे. तो आत असतो आणि सगळ्या अंगांतून पाझरतो.

मग 'आशयसूत्र' का? कारण तुम्हाला आशय कोणता एवढंच विचारायचं नाही. तो कथेतून, माणसांतून, चौकटीतून कसा ओवला गेलाय, हे विचारायचं आहे. 'सूत्र' म्हटलं की मुलाला तो धागा ठिकठिकाणी दाखवावा लागतो. एका वाक्यात सुटका होत नाही.

'कोर्ट'वरच हे करून पाहू. विषय : न्यायव्यवस्था. आशयसूत्र मी असं मांडीन : इथला अन्याय कुणा दुष्ट माणसाच्या हातून होत नाही, साध्यासुध्या माणसांच्या नेहमीच्या कामकाजातून होतो. कथेत तो धागा तारखांमध्ये दिसतो. खटला पुढे सरकतच नाही, आरोपी मात्र आत राहतो. व्यक्तिरेखांत दिसतो तो सरकारी वकीलबाईंच्या संध्याकाळीत. कोर्टात कलमं वाचून दाखवणारी बाई लोकलने घरी जाते, बरोबरच्या बाईशी साडीबद्दल बोलते, घरी स्वयंपाकाला लागते. तिचा राग करावा तर करता येत नाही. दृश्यशैलीत दिसतो तो स्थिर, दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यात. कोर्टाची अख्खी खोली एका चौकटीत असते, कुणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन "याच्याकडे बघा" असं सांगितलं जात नाही. उन्हाळी सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा रिकाम्या खोलीवर थांबून राहतो. त्या थांबण्याबद्दल मुलानं दोन ओळी लिहिल्या तर त्याला आशयसूत्र कळलं असं मी समजेन.

प्रतिसाद – इंदोरा

'कोर्ट'चं नाव निघालं म्हणून लिहितो. त्यातला आरोपी शाहीर नारायण कांबळे उभा करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. चळवळीत आयुष्य काढलेला माणूस. २०२१ मध्ये कोरोनानं गेले. पडद्यावर ते शाहिरी गातात तेव्हा अभिनय कुठे सुरू होतो ते शोधूनही सापडत नाही. पात्रासाठी माणूस कोण निवडला, हेसुद्धा आशयसूत्रात येतं असं मला वाटते. मुलांना हेही विचारा.

दुसरं, मॅडम, 'संदेश' हा शब्द प्रश्नात चुकूनही येऊ देऊ नका. आला की "या चित्रपटातून आपल्याला असा संदेश मिळतो की" हे वाक्य पन्नास पेपरांत सारखंच येते. संदेश म्हटला की तो शेवटी हातात पडायचा असतो, चिठ्ठीसारखा. आपल्याकडे पिक्चर पाहून आलेल्याला काय विचारतात? "काय म्हणून राहिला पिक्चर?" पुण्याकडचे लोक या 'राहिला'वर हसतात, पण इथे तो फार कामाचा आहे. 'काय म्हणाला' म्हटलं तर बोलणं संपलं. 'म्हणून राहिला' म्हणजे पहिल्या चौकटीपासून बोलणं चालूच आहे. 'झुंड' या पिक्चरमध्ये (२०२२) एका अंगाला कॉलेजचं मैदान, दुसऱ्या अंगाला झोपडपट्टी आणि मधात भिंत. ती भिंत दिसली की तिथूनच पिक्चर म्हणून राहिला आहे, अजून कुणी भाषण दिलेलं नसतानाही. पावसात प्लास्टिकचा डबा लाथेनं खेळवणारे पोट्टे दिसतात, तेव्हाही म्हणून राहिला आहे. परीक्षेच्या पेपरात हे वाक्य चालणार नाही, पण वर्गात चालते.

प्रतिसाद – प्रतापनगर

एवढं कशाला? 'थीम' मराठीत रुळलेला शब्द आहे. लग्नाची थीम, गणपतीच्या देखाव्याची थीम असं सगळेच म्हणतात. तोच ठेवा.

प्रतिसाद – महाल

दादा, बोलताना अवश्य ठेवा, मीही म्हणतो. पण लग्नाची थीम म्हणजे सजावटीचा रंग नि कपडे. मुलांच्या कानात तोच अर्थ घोळतो आणि मग ती चित्रपटातही वरची सजावट शोधतात. पेपरात 'आशयसूत्र' लिहून वर्गात एकदा 'थीम' सांगितलं की अडणार नाही.

धरमपेठ

सगळ्यांचे आभार. 'म्हणून राहिला' मी उद्याच वर्गात वापरणार आहे. अजून दोन शंका. क्रियापद 'व्यक्त होते' ठेवू का? आणि मुलं दिसेल त्या वस्तूला 'प्रतीक' म्हणतात, त्यांना कसं आवरू?

प्रतिसाद – महाल

'व्यक्त होते' चालेल, 'सूचित होते' जास्त नेमकं. आपल्या साहित्यशास्त्रात अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यायचा जवळचा अर्थ), व्यंजना (न बोलता सुचवलेला अर्थ) अशा शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत, आणि नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त काव्याचा प्राण व्यंजनेत शोधला. चित्रपट अभिधेने बोलू लागला की पात्रं भाषण ठोकतात. व्यंजनेने बोलला की 'फँड्री' चित्रपटातला (२०१३) तो प्रसंग घडतो : शाळकरी नायक जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. मुलांना एवढंच विचारा की इथे कुणी काय बोललं? कुणीच काही नाही. आणि आपल्याला काय कळलं? त्यावर प्रत्येकाला पानभर लिहिता यावं.

आता प्रतीक. प्रतीकाचा अर्थ चित्रपटाबाहेर आधीच ठरलेला असतो : तिरंगा, तराजू, कबुतर. प्रतिमेचा अर्थ त्या चित्रपटातच, हळूहळू तयार होतो. जब्या ज्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, ती आधी फक्त एक पाखरू असते. तिची राख आपल्याला आवडणाऱ्या शालूवर टाकली की शालू आपली होईल, असं तो धरून चाललाय हे कळल्यावर ती चिमणी त्याची आस होते. गलोल घेऊन तो पुन्हा पुन्हा जातो आणि चिमणी पुन्हा पुन्हा उडते, तसतशी ती आस कुठल्या गावात, कुठल्या घरात जन्मलेल्या मुलानं धरली आहे हे आपल्याला बोचू लागतं. हा अर्थ कुठल्याही कोशात मिळायचा नाही. म्हणून राष्ट्रगीताला मुलांनी प्रतीक लिहिलं तर गुण द्या, चिमणीला मात्र प्रतिमाच लिहायला लावा.