व्होल्तेराची पोर्ता आल्लार्को: फ्लॉरेन्सहून एका दिवसात?

दादरकर: इटलीतल्या व्होल्तेरा गावची पोर्ता आल्लार्को ही जुनी दगडी वेस बघायला जायचंय, सोबत आईबाबा आहेत. बस बरी की गाडी? वेशीला तिकीट लागतं का?

गिरगावकर: तिकीट नाही. बसने कोल्ले दि वाल देल्सा, तिथे बस बदलायची. रविवारी फेऱ्या फारच कमी, परतीची वेळ आधीच बघा. गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. झेडटीएलच्या, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेल्या भागाच्या, पाटीपुढे शिरलात की कॅमेऱ्यात नंबर टिपून दंड येतो.

ठाणेकर: मुख्य चौकातून वेशीकडे चांगलाच उतार आहे, म्हणजे परतताना चढ. गुडघे दुखत असतील तर सावकाश. वेशीबाहेर जाऊन मागे वळा, कमानीवरची ती तीन झिजलेली दगडी डोकी तिथूनच दिसतात. १९४४मध्ये जर्मन सैन्य वेस उडवणार होतं. गावकऱ्यांनी रस्त्याचे दगड उखडून कमान बुजवली, म्हणून वाचली.