अनुभव धागा: आजारी पडलो, बेत मोडला आणि युद्धसंग्रहालय पाहिलं

सदरबझार, सातारा
मंडळी, सहलीत अंथरूण धरायची वेळ आल्यावर काय सोडलंत आणि काय पाहिलंत, ते इथे लिहा. सुरुवात मी करतो.

व्हिएतनामला हो ची मिन्ह शहरात दुसऱ्याच दिवशी पोट बिघडलं. जुलाब, वर अंगात कणकण. त्या दिवशी कु चीची युद्धकाळातली भुयारं बघायचं ठरलं होतं. तिथे ओणवं होऊन, कुठे रांगत जायचं असतं, आणि माझी संडासापासून दहा पावलं लांब जायची छाती नव्हती. भुयारं सोडली, दुसऱ्या दिवशीची मेकाँगची बोटही सोडली. पैसे बुडाले. बायकोला म्हटलं, तू जा. (मनात म्हणत होतो, जाऊ नको.) ती थांबली. हॉटेलातल्या बाईंनी चाओ आणून दिलं. चाओ म्हणजे आपली पेजच, वर कांद्याची पात. त्यावर आणि मीठ-साखरेच्या पाण्यावर दीड दिवस काढला.

ताप उतरल्यावर जवळचं काय, तर वॉर रेम्नंट्स म्युझियम. १९७५ साली युद्ध संपलं, त्याच वर्षी उघडलेलं. अंगणात अमेरिकेची विमानं नि रणगाडे, सगळे तिथे फोटो काढत होते. मी मात्र बाकडं शोधत आत. जिथे टेकायला मिळालं तिथे बसून पाहिलं, म्हणून जास्त दिसलं. युद्ध टिपताना मारल्या गेलेल्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांचं एक दालन आहे. रॉबर्ट कापा त्यातलाच, १९५४ मध्ये सुरुंगावर पाय पडून गेला. एजंट ऑरेंजच्या दालनातून मात्र पाच मिनिटांत उठलो. जंगलांची पानं झडावीत म्हणून १९६१ ते १९७१ फवारलेलं ते विष, त्यातलं डायॉक्सिन, आणि व्यंग घेऊन जन्मलेली पोरं. पोटात आधीच कालवाकालव होती. बरं नसेल तर हे दालन टाळा, नंतर कधीतरी बघा.

विश्रामबाग, सांगली
दादा, दोन दिवस पेजेवर असताना असलं बघायला गेलात तरी कसे?

आमचं वेरूळ राहिलं. नगरला पोचेपर्यंत ह्यांना मुतखड्याची कळ आली. इंजेक्शननं थांबली, पण डॉक्टर म्हणाले, दोन दिवस गाडीत बसू नका, पाणी पीत राहा. हे लॉजवर बाटल्या रिकाम्या करत बसले. नऊ वर्षांचा भाचा सोबत, त्याला किती वेळ कोंडणार? त्याला घेऊन रणगाड्यांच्या संग्रहालयात गेले. लष्कराचं आहे, १९९४ चं. चर्चिल, माटिल्डा, पॅटन, आणि आपल्याकडे चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बनलेला विजयंता. मला सगळे सारखेच दिसले, भाचा मात्र पाट्या मोठ्यानं वाचत होता. मध्येच तिथल्या जवानाला विचारतो, "काका, आत बसल्यावर शूला कुठे जातात?" मला एकदम लॉजवरचे आमचे हे आठवले.

कराड
मी रोज आगाशिव पळत चढतो. त्याच माजात लेहला विमानातून उतरल्या उतरल्या शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढलो. ११,५०० फूट. रात्री डोकं फुटायला आलं, उलट्या. विरळ हवेला तुमचा स्टॅमिना कळत नाही, शरीराला सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो. डॉक्टरांचं एकच वाक्य होतं, डोकं दुखायचं थांबेपर्यंत वर जायचं नाही. मित्र वर खारदुंगच्या खिंडीत गेले, मी खोलीत. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी विमानतळाजवळचं हॉल ऑफ फेम, म्हणजे लष्कराचं संग्रहालय, पाहिलं. सियाचीनमधल्या जवानांचे कपडे, बूट ठेवलेत. माझी ११ हजारांत ही दशा, आणि ती पोरं १८-२० हजारांवर महिनेच्या महिने. खारदुंगचे फोटो मित्रांनी पाठवले, अजून नीट बघितले नाहीत.

अपशिंगे
आम्ही फौजी घरातले. एवढं लांब जाऊन आजारी पडलात, आमचं गाव साताऱ्याहून हाकेवर आहे की! गावाच्या नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जण गेले, त्यांचा स्तंभ आहे. तिकीट नाही, रांग नाही. या, चहा ठेवतो.

सदरबझार, सातारा
येत्या रविवारी येतो. चहा बिनसाखरेचा. आणि विश्रामबागच्या ताई, भाच्याला त्या जवानानं काय सांगितलं ते राहिलं की लिहायचं!